मंजुरी आधी द्या, मग एजन्सीला काम करू द्या

मित्रहो, जाहिरात एजन्सी निवडावी कशी, यावर बोला असं मला सुचवलं गेलं होतं. मी विषय थोडा पुढे सरकवला. एजन्सी निवडून झाली, करारावर सह्या झाल्या, त्यानंतर काय? बहुतेक नाती तिथेच झिजतात. रात्री साडेदहाला तुमच्याकडून एजन्सीला व्हॉट्सॲपवर निरोप जातो, 'हा लाल जरा गडद करा.' सकाळी भाऊ म्हणतो, निळा बरा होता. दुपारी घरच्यांना दाखवलं जातं. चौथ्या फेरीनंतर एजन्सीतली मुलं डोकं चालवणं थांबवतात आणि तुम्ही म्हणाल ते करून देतात. म्हणजे ज्या डोक्याचे पैसे तुम्ही दर महिन्याला मोजता, ते तुम्हीच बंद करून ठेवलेलं असतं.

याच्या उलट घडलेलं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. १९६६ साली अमूल बटरचं काम एएसपी या एजन्सीकडे आलं. सिल्व्हेस्टर डाकुन्हा ते पाहत होते आणि चित्रकार युस्टेस फर्नांडिस यांनी ठिपक्यांच्या फ्रॉकमधली ती मुलगी काढली. पुढे ही मुलगी ताज्या घडामोडींवर बोलू लागली. अशी जाहिरात बातमी गरम असतानाच रस्त्यावर लागावी लागते. कच्चं चित्र अमूलच्या आणंदच्या कार्यालयात पाठवा, तिथे समितीने पाहावं, दुरुस्त्या परत याव्यात, मग रंगारी होर्डिंगवर चढावा, एवढ्यात लोक ती बातमी विसरून गेलेले असतात. व्हर्गीस कुरियन यांनी हे ओळखलं आणि डाकुन्हांना मोकळीक दिली: आधी मला दाखवायची गरज नाही, थेट लावा. सहकारी संघाचा प्रमुख, शेतकऱ्यांच्या पैशाचा जबाबदार माणूस, हे म्हणतो आहे. मला हा निर्णय आजही फार मोठा वाटतो.

पण या गोष्टीतला अर्धाच भाग लोक सांगतात. 'कुरियननी स्वातंत्र्य दिलं' म्हणतात आणि थांबतात. नीट पाहा, किती गोष्टी पक्क्या होत्या. मुलगी तीच. लोणी चित्रात हवंच. ओळ छोटी, शब्दांशी खेळणारी. खालचं घोषवाक्य ठरलेलं. चौकट इतकी घट्ट होती, म्हणूनच आतलं चित्र रोज तपासायची गरज उरली नाही. मंजुरी दिलेलीच होती, फक्त ती एकेका चित्राला न देता चौकटीला दिली होती. आज मला तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच, बाकी सगळं त्याचाच विस्तार.

आणि मोकळीक म्हणजे सगळं सुरळीत, असंही नाही. गणेशोत्सवात 'गणपती बाप्पा मोरे घ्या' असं होर्डिंग लागलं, तेव्हा ते काढा नाहीतर कार्यालय फोडू अशा धमक्या शिवसेनेच्या लोकांकडून आल्याचं डाकुन्हांनी सांगितलेलं आहे. अशा वेळी ग्राहक कंपनी पहिल्यांदा काय करते? 'यापुढे प्रत्येक गोष्ट आम्हाला दाखवा.' अमूलने तसं केलं नाही. कुरियन २०१२ साली गेले, सिल्व्हेस्टर २०२३ साली; काम त्याआधीच त्यांचे चिरंजीव राहुल यांच्याकडे आलं होतं, आणि जयंत राणे यांचा ब्रश कित्येक वर्षं ती मुलगी रंगवत आला आहे. अमूलच्या इतर उत्पादनांची कामं इतर एजन्सींनीही केली. म्हणजे विश्वास डोळे मिटून नव्हता, एका ठरलेल्या कामापुरता पूर्ण होता.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही अमूल नाही. बरोबर. म्हणून आपल्या प्रमाणातलं घेऊ. समजा, देवगडच्या एका बागायतदाराला यंदा हापूस थेट पुण्या-मुंबईच्या घरांत पोचवायचा आहे. तो एजन्सीकडे जातो कधी? मार्चमध्ये, पेट्या भरायला लागल्यावर. आणि सांगतो काय? 'काहीतरी व्हायरल करा.' यावर एजन्सीने करायचं तरी काय? रील काढतील, ढोल वाजवतील, आंबा कापतील. सगळेच आंबा कापतात.

त्याने मोहर धरतानाच, डिसेंबरात, तासभर बसून बोलायला हवं होतं. त्याची खरी अडचण प्रसिद्धीची नाहीच. कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाच्या पेटीत विकला जातो, त्यामुळे शहरातलं गिऱ्हाईक दुप्पट भाव द्यायला कचरतं. ही गोष्ट एजन्सीला सांगितली की कामाचं स्वरूपच बदलतं. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे माल त्याच भागातला असल्याची अधिकृत ओळख, मिळालं, त्याची नोंदणी या बागेकडे आहे का? पेटीवर बागेचं नाव, तोडणीची तारीख देता येईल का? झाडापासून पेटीपर्यंतचं चित्रण मोहरापासूनच सुरू करता येईल का? हे प्रश्न एजन्सी विचारू लागली, की समजा तुमचं ब्रीफ जमलं. ब्रीफ म्हणजे आपली अडचण. उपाय लिहून दिलात तर तुम्हाला फक्त हमाल मिळेल.

वाईट बातमीही त्यांना सांगा, आणि लगेच सांगा. अवकाळी पाऊस झाला, थ्रिप्स किडीने मोहर गेला, निम्मंच फळ हाती येणार, हे एजन्सीला त्याच दिवशी कळलं पाहिजे. नाहीतर इकडे जाहिरात पैसे खात राहते, ऑर्डरी येत राहतात, आणि तुमच्याकडे द्यायला फळ नसतं. किती पेट्या, एका पेटीमागे किती सुटतात, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, हे आकडे आपण भावकीपासूनही लपवतो. पण एजन्सीला ते हवेत. त्याशिवाय एका गिऱ्हाइकामागे किती खर्च परवडेल, हे ती कशावरून ठरवणार?

तुमच्या बाजूने बोलणारा माणूस एकच ठेवा. घरात दहा मतं असू देत, ती घरात भांडून संपवा. बाहेर एकच उत्तर जाऊ दे.

पैशांबद्दल संकोच सोडा. वर्तमानपत्रांच्या जाहिरातीत एजन्सीला माध्यमाकडून १५ टक्के कमिशन, ही जुनी रीत आहे. आता कुठे महिन्याची ठरावीक रक्कम असते, कुठे जाहिरात-खर्चाचे काही टक्के. टक्क्यांवर काम असेल तर तुमचा खर्च वाढण्यात त्यांचा फायदा आहे, हे दोघांनीही उघड बोलून घ्यावं. त्यात अपमान कुणाचाच नाही. आणि बिल वेळेवर द्या. लहान एजन्सी सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे पैसे थकवता येत नाहीत, कायदाच आहे. पण कायद्यापेक्षा साधी गोष्ट सांगतो: जो पैसे थकवतो त्याच्या कामाला एजन्सीतला सगळ्यात नवखा मुलगा बसतो.

शेवटचा मुद्दा मालकीचा, आणि हा पहिल्याच दिवशी मिटवायचा. गूगल आणि फेसबुकची जाहिरात-खाती तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर उघडा, आणि एजन्सीला आत काम करण्यापुरता प्रवेश द्या. वर्षभराची सगळी माहिती त्या खात्यात साठते. खातं त्यांचं असेल तर निघताना तुम्ही कोरे निघता. लोगोचंही तसंच. पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, असं बहुतेकांना वाटतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची आणि चित्रफितीची गोष्ट वेगळी आहे, पण लोगो आणि मजकुरासाठी हक्क लेखी, सहीनिशी तुमच्याकडे सोपवलेले असावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षंच धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. दुबईला आंबा पाठवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. करारात 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आहेत का, ते पाहा, आणि नसतील तर सही करण्याआधी घालून घ्या.