सात ओळींच्या सहा हजार प्रती

(माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: काळे टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर, कीबोर्डवरील बोटे]

पडद्यावर आता उमटणारी संख्या नीट पाहावी: ९,९९,९९९. एका फाइलमध्ये इतके बाइट आहेत, तर ती केवढी आहे हे माणसाला सहज कळेल अशा रीतीने सांग, असे पुण्यातील एका प्रोग्रॅमर तरुणीने आमच्यासाठी जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका छोट्याशा फंक्शनला, म्हणजे ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, विचारले, आणि उत्तर आले: १०००.० केबी. हजार किलोबाइटचा एक मेगाबाइट होतो, म्हणून येथे १.० एमबी असे उत्तर यायला हवे होते. तिने संख्या थोडी कमी करून ९,९९,९४९ केली, तेव्हा ९९९.९ केबी हे बरोबर उत्तर आले. तीत एक मिळवून ९,९९,९५० केले, की पुन्हा १०००.० केबी. दहा लाखांच्या उंबरठ्यावरील अवघ्या पन्नास संख्यांपाशी हे फंक्शन अडखळते, आणि पुढे गिगाबाइट, टेराबाइट यांच्या सीमांवरही त्याची तीच गत होते. हे फंक्शन तिला एका जुन्या प्रकल्पात सापडले. ते तेथे कोणी आणि कोठून आणून ठेवले, याची नोंद वरच्या ओळीत नाही आणि खालच्याही नाही.

[दृश्य: फंक्शनच्या सात ओळी, मोठ्या अक्षरांत]

या सात ओळींचा उगम मात्र निश्चित माहीत आहे. जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ सुरू केले. अडलेल्या प्रोग्रॅमरने प्रश्न विचारावा, जाणकारांनी उत्तर द्यावे आणि वाचणाऱ्यांनी मत देऊन चांगले उत्तर वर न्यावे, अशी त्याची रचना होती, आणि त्यापूर्वी जाडजूड पुस्तके चाळत किंवा शेजारच्या टेबलावरील अनुभवी सहकाऱ्याला विचारत काम करणाऱ्या पिढीसाठी ही सोय फार मोठी होती. बाइटची संख्या वाचनीय कशी करावी, हा प्रश्न तेथे आला होता. २०१० मध्ये आंद्रेआस लुंडब्लाड या जावा प्रोग्रॅमरने त्याचे उत्तर लिहिले. आधीच्या उत्तरांत संख्येला पुन्हा पुन्हा भागत जाणारे लूप होते. लुंडब्लाडला त्यात एक सुंदर पळवाट दिसली: एखादी संख्या हजारने किती वेळा भागता येईल, हे भागत भागत मोजण्याऐवजी लॉगॅरिदमने एका पायरीत काढता येते. लूप गेले, कोड आटोपशीर झाला, आणि वाचणाऱ्यांनी त्या उत्तराला भरभरून मते दिली.

चूक कोठे होती, हे समजून घेण्यासाठी क्षणभर या चौथ्या ओळीपाशी थांबावे लागेल. लॉगॅरिदमने एकक ठरवले जाते ते मूळ संख्येवरून. ९,९९,९९९ ही संख्या दहा लाखांपेक्षा एकाने कमी आहे, म्हणून एकक ‘किलो’ ठरते आणि ते गणिताच्या दृष्टीने योग्यच आहे. त्यानंतर, शेवटच्या पायरीवर, ९९९.९९९ हा आकडा एका दशांश स्थळापर्यंत राउंड केला जातो आणि तो १०००.० होतो. एककाचा निर्णय मात्र तोपर्यंत होऊन गेलेला असतो आणि त्याकडे परत कोणी पाहत नाही. दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी निर्दोष आहेत, चूक त्यांच्या क्रमात आहे. म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही. १५०० बाइट देऊन पाहिले, पाच कोटी बाइट देऊन पाहिले, तरी उत्तर चोख येते, आणि घाईत असलेला प्रोग्रॅमर एवढीच परीक्षा घेतो.

दुसरा दोष याहून खोल आहे. संख्या अठरा अंकी झाली, की संगणकाच्या दशांश गणितात तिचे सगळे अंक मावत नाहीत, ती नकळत वरच्या संख्येला जाऊन चिकटते आणि पेटाबाइटच्या सीमेवरील उत्तर पुन्हा चुकते. एवढ्या मोठ्या फाइली रोजच्या कामात येत नाहीत, म्हणून तो दोष येथे केवळ नोंदवून पुढे जाऊ.

[दृश्य: पडद्यावर एकामागून एक उघडणाऱ्या खिडक्या, प्रत्येकीत तेच फंक्शन]

जर्मनीतील ट्रियर विद्यापीठातील सेबास्टियन बाल्टेस आणि श्टेफान डील यांनी स्टॅक ओव्हरफ्लोवरील जावाचे तुकडे आणि गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी खुले असलेले प्रकल्प यांची सरळ तुलना केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वांत जास्त वेळा उचलला गेलेला तुकडा म्हणून लुंडब्लाडच्या याच सात ओळी पुढे आल्या. सहा हजारांहून अधिक प्रकल्पांत त्या जशाच्या तशा किंवा किरकोळ फरकाने बसल्या होत्या. आपलेच उत्तर या यादीच्या शिखरावर आहे हे कळल्यानंतर लुंडब्लाडने ते पुन्हा तपासले, त्यातील दोष शोधले आणि डिसेंबर २०१९ मध्ये ते स्वतःच्या नावानिशी जगासमोर मांडले. स्वतःची चूक इतक्या बारकाईने उलगडून सांगणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि त्याबद्दल या माणसाविषयी आमच्या मनात आदर आहे. त्याने उत्तर दुरुस्तही केले. दुरुस्त उत्तरात लॉगॅरिदम नाही. ज्या लूपला टाळण्यासाठी हा सारा खटाटोप झाला, तेच लूप तेथे परत आले आहे, आणि त्याच्या अटीत ९,९९,९५० ही संख्या स्वच्छ लिहिलेली आहे.

नऊ वर्षांनी दुरुस्ती झाली ती एका ठिकाणी. प्रती सहा हजार ठिकाणी होत्या.

आमच्या मते त्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा आकडा सहा हजार हा नाही. उचललेल्या तुकड्यांपैकी फार तर एक चतुर्थांश तुकड्यांजवळच मूळ उत्तराचा आवश्यक तो उल्लेख केलेला असतो, असा अंदाज याच संशोधकांनी काढला, आणि त्यांनी विचारलेल्या प्रोग्रॅमरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी उल्लेख न करता कोड घेतल्याचे मान्य केले. उल्लेख न केल्याने ते उत्तर वापरण्याच्या परवान्याच्या अटी मोडल्या जातात हा त्यातील एक भाग झाला. आम्हाला त्याहून गंभीर वाटते ते हे, की मूळ पत्त्याची ती एक ओळ म्हणजे दुरुस्तीला प्रतीपर्यंत पोहोचण्याची एकमेव वाट असते, आणि कॉपी-पेस्ट करताना नेमकी तीच ओळ मागे राहते.

[दृश्य: महाविद्यालयातील संगणक प्रयोगशाळा, निळा पडदा, पिवळी अक्षरे]

हा निळा पडदा महाराष्ट्रात संगणक शिकलेल्या कोणालाही ओळख करून द्यावा लागणार नाही. हे टर्बो सी प्लस प्लस. सी प्लस प्लस भाषेत प्रोग्रॅम लिहिण्याचे हे साधन बोरलँड कंपनीने १९९० मध्ये डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बाजारात आणले. सी प्लस प्लस भाषेचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक आले १९९८ मध्ये. म्हणजे या पडद्यावरील भाषा मानक ठरण्याच्या आधीची आहे. ती आजच्या संगणकावर चालावी म्हणून डॉसचे सोंग घेणारा डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम आधी सुरू करावा लागतो. तरीही प्रॅक्टिकलच्या तयार प्रोग्रॅमांसाठी शोध घेतला, की ‘आयओस्ट्रीम डॉट एच’, ‘कोनिओ डॉट एच’ आणि ‘व्हॉइड मेन’ यांनी सुरू होणारी उत्तरे पानोपानी मिळतात. विद्यार्थी ती जर्नलमध्ये उतरवून काढतात, तपासनीस सही करतात, आणि तोच प्रोग्रॅम घरच्या लॅपटॉपवरील नव्या कंपायलरला, म्हणजे कोडचे चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये रूपांतर करणाऱ्या साधनाला, दिला, की पहिल्याच ओळीवर ‘अशी फाइल नाही’ असा संदेश येतो. येथे मूळ उत्तर लिहिले गेले तेव्हा चूक नव्हते. ते जुने झाले, आणि ते केव्हाचे आहे हे सांगणारी तारीख प्रतीवर कोणी घातली नाही. या मुलांना आम्ही दोष देणार नाही. त्यांच्या हातात जे पडले ते त्यांनी मन लावून लिहिले आहे, हे त्यांच्या वह्यांतील अक्षरावरून दिसते.

[दृश्य: मोबाईल फोन, ब्राउझरमधील कुलपाचे चिन्ह, नंतर पुन्हा कोड]

आकडा किंचित चुकला तर कोणाचे काही बिघडत नाही. कुलूप चुकले तर बिघडते. फोनवरील ॲप सर्व्हरशी बोलू लागते तेव्हा सर्व्हर आपले प्रमाणपत्र दाखवतो, आणि ते खरे आहे का हे तपासण्याचे काम ॲपमधील एका भागाकडे असते. त्याचे नावच ‘ट्रस्ट मॅनेजर’ आहे. ॲप तयार होत असताना कार्यालयातील चाचणीच्या सर्व्हरवर बहुधा अधिकृत प्रमाणपत्र नसते, त्यामुळे जोडणी नाकारली जाते आणि लाल अक्षरांत त्रुटी येते. ती त्रुटी जशीच्या तशी शोधपट्टीत टाकली, की वर्षानुवर्षे एक उत्तर मिळत आले आहे: तपासणीचे फंक्शन रिकामे ठेवा. कंसाची सुरुवात आणि कंसाचा शेवट, मध्ये काही नाही. पडद्यावर दिसते आहे तेच ते रिकामे फंक्शन. ते कोणतेही प्रमाणपत्र खरे मानते, त्रुटी नाहीशी होते, उत्तराला आभाराच्या टिप्पण्या मिळतात, आणि चाचणीपुरती केलेली ही सोय काढायची राहून गेली, की ॲप तसेच लोकांच्या फोनमध्ये जाते.

अशा ॲपचा संवाद वाटेत बसलेल्याला वाचता येतो. हॅनोव्हर आणि मारबुर्ग येथील संशोधकांनी २०१२ मध्ये १३,५०० अँड्रॉइड ॲप तपासली, तेव्हा १,०७४ ॲपमध्ये या हल्ल्याला वाव देणारा कोड आढळला.

पुढे २०१७ मध्ये म्युनिकजवळील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी उगमाचाच माग काढला. त्यांनी १३ लाख अँड्रॉइड ॲप तपासली. त्यांतील १५.४ टक्के ॲपमध्ये सुरक्षेशी संबंधित कोडचे तुकडे स्टॅक ओव्हरफ्लोवरून आलेले होते, आणि अशा ॲपपैकी ९७.९ टक्के ॲपमध्ये किमान एक तुकडा असुरक्षित होता. गूगलने मे २०१६ पासून रिकामा ट्रस्ट मॅनेजर असलेली नवी ॲप आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्या प्ले स्टोअरवर घेणे बंद केले. या साऱ्या कथेत दुरुस्ती प्रतींपर्यंत पोहोचल्याचे हे एक ठळक उदाहरण, आणि तेही पोहोचले, कारण प्रत्येक प्रतीला एकाच दारातून जावे लागत होते.

[दृश्य: टर्मिनलवर पॅकेज उतरवण्याची आज्ञा, भरत जाणारी पट्टी]

आता ज्या उत्तरांकडे आपण वळलो आहोत, त्यांना दारही नाही आणि पत्ताही नाही. भाषा मॉडेल, म्हणजे विचारले की मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, कोड लिहून देते तेव्हा त्यामागे कोणते उत्तर होते, ते कोणी आणि कधी लिहिले, हे त्या कोडसोबत येत नाही. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या सॅन अँटोनिओ येथील संशोधकांनी इतर विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह १६ मॉडेलांकडून ५,७६,००० कोडचे नमुने लिहून घेतले. त्यांत सुचवलेल्या पॅकेजांपैकी, म्हणजे उतरवून वापरायच्या तयार कोडच्या संचांपैकी, १९.७ टक्के पॅकेजे अस्तित्वातच नव्हती. अशी २,०५,४७४ वेगवेगळी काल्पनिक नावे त्यांनी मोजली.

अशा नावाचे पुढे काय होऊ शकते, हे बार लान्याडो या सुरक्षा संशोधकाने करून पाहिले. ‘हगिंगफेस-सीएलआय’ हे नाव मॉडेले वारंवार सुचवत होती, पण त्या नावाचे पॅकेज पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या सार्वजनिक भांडारात नव्हते. त्याने त्याच नावाचे एक रिकामे, निरुपद्रवी पॅकेज तेथे ठेवले. तीन महिन्यांत ते ३०,००० हून अधिक वेळा उतरवले गेले, आणि अलीबाबा कंपनीच्या एका संशोधन प्रकल्पाच्या सूचनांमध्येही ते उतरवण्याची आज्ञा लिहिलेली सापडली. त्याच्याऐवजी एखाद्या घातकी माणसाने ते नाव आधी नोंदवले असते, तर ही पट्टी अशीच शांतपणे भरली असती.

[दृश्य: पुन्हा तीच तरुणी, तोच पडदा, दुपारचे ऊन टेबलावर]

मघाचे फंक्शन तिने आता बदलले आहे. नवी आवृत्ती तिने मूळ उत्तरावरून घेतली, आणि चिकटवण्यापूर्वी ९,९९,९४९, ९,९९,९५०, शून्य आणि एक ऋण संख्या देऊन चालवून पाहिली. फंक्शनच्या डोक्यावर तिने टिपेची खूण म्हणून दोन तिरप्या रेघा ओढल्या, त्यांपुढे त्या उत्तराचा पत्ता लिहिला, आज ते पाहिल्याची तारीख लिहिली आणि सीमेवरील संख्या का तपासल्या हे एका ओळीत मराठीत नोंदवले. मग त्या संपूर्ण प्रकल्पात तिने जुन्या फंक्शनचा शोध घेतला. यादी खाली सरकते आहे: त्याच सात ओळी आणखी चार फाइलींमध्ये आहेत. ती पहिली फाइल उघडते.