माशाचं रक्त वाचताना

[दृश्य : ओल्या फडक्यावर आडवा ठेवलेला रोहू]

लवंग तेल मिसळलेल्या पाण्यात मासा थोड्याच वेळात सुस्तावतो. मग शेपटीच्या मुळाशी, कण्याच्या खालच्या अंगाने सुई घालायची. सिरिंज आधीच हेपारिनने ओली केलेली असते, कारण माशाचं रक्त बघता बघता साकळतं.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी]

या लंबगोल दिसतात त्या तांबड्या पेशी. प्रत्येकीच्या पोटात केंद्रक. आपल्या तांबड्या पेशींत ते नसतं. त्यामुळे माणसाचं रक्त मोजणारं यंत्र इथे हमखास गोंधळतं. चौकटी आखलेल्या काचेवर एकेक पेशी डोळ्यांनी मोजावी लागते. काम कंटाळवाणं, पण खात्रीचं.

माशाच्या हाडांत रक्त तयार करणारा मगज नसतो. ते काम मूत्रपिंडाचा डोक्याकडचा भाग करतो, आणि प्रतिकारशक्ती चेतवणारे पदार्थ इथल्या पेशींनाही जागं करतात. यीस्टच्या पेशीभित्तिकेतलं बीटा-ग्लुकान घ्या. खाद्यातून ते पोटात गेलं की शरीराला वाटतं, बुरशी शिरली! जंतू गिळणाऱ्या पेशी तरतरीत होतात, जंतूंची भिंत फोडणारं लायसोझाइम वाढतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्याही बरेचदा चढते. एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूसारखा खरा शत्रू येतो तेव्हा फौज आधीच उभी असते. बऱ्याच प्रयोगांत हिमोग्लोबिनही सुधारलेलं दिसतं.

पण वाढलेला प्रत्येक आकडा खाद्याच्या खात्यावर मांडू नये. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला तर प्लीहा राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते, पेशी फुगतातही. रक्त दाट दिसतं, मासा मात्र गुदमरत असतो. माशांच्या मलमूत्रातून पाण्यात साचणारं नायट्राइट वाढलं तर रक्त चॉकलेटी होतं. तिथे बीटा-ग्लुकान काय करणार? आधी पाणी बदलायचं, बेताचं मीठ टाकायचं. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

मात्रेचंही तसंच. जास्त दिलं किंवा महिनोन् महिने दिलं, तर प्रतिसाद बोथट होऊ शकतो, कधी उलटाही फिरतो. म्हणून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, हलवण्याआधी किंवा ऋतू पालटण्याआधी काही आठवडेच देणं शहाणपणाचं.

[दृश्य : शेजारी शेजारी दोन टाक्या]

डावीकडे प्रतिकारशक्ती चेतवणारा पदार्थ मिसळलेलं खाद्य, उजवीकडे साधं. पाणी तेच, मासे एकाच वयाचे. उजव्या टाकीचं रक्त तपासल्याशिवाय डावीकडच्या आकड्याला काही अर्थ नाही.