लेखकाचा नंबर

(एका ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

अध्यक्षमहोदय, ग्रंथालयाचे कार्यवाह आणि श्रोतेहो,

लेखकावर वाचकाचा हक्क असतो, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. वाचकाने पुस्तक विकत घेतलं, रात्री जागून वाचलं, तर त्याने लेखकाला खुशाल चार शब्द सुनवावेत, वाद घालावा, पुस्तक फसलंय म्हणून ठणकावून सांगावं. पण हा हक्क पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी संपतो. त्यापुढे लेखकाचं घर सुरू होतं, आणि त्या घरात लेखक एकटा राहत नाही. मला आज हे मांडायचं आहे. आणि नाव झाल्यावरही खरी माणसं कशी जोडता येतात, तेही सांगायचं आहे. तो भाग शेवटी घेईन, कारण माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

हा विषय निघाला की लोक हमखास जी. ए. कुलकर्णींचं नाव घेतात. धारवाडला राहणं, कॉलेजात इंग्रजी शिकवणं, सभासंमेलनांपासून लांब राहणं आणि फोटोतला तो काळा चष्मा, हे सगळं या सभागृहात कुणाला नव्याने सांगायला नको. १९७३ साली ‘काजळमाया’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाला, तेव्हा त्यांनी पुरस्कार परत करून टाकला. यावरून आपण त्यांना लावलेलं विशेषण म्हणजे माणूसघाणा. मला याचा मनापासून राग येतो. त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड निघाले आहेत. निवडक! माणसांचा कंटाळा असलेला माणूस एवढी पत्रं लिहील का? त्यातला पहिला खंड सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा आहे. तो काढून बघा. वाचलेली पुस्तकं आहेत, चित्रं आहेत, थट्टा आहे, कुरबुर आहे, मध्येच एकदम उघडं पडलेलं दुःख आहे. व्यासपीठावर पाऊल न टाकणारा हा माणूस पत्रात मात्र सगळं दार उघडून बसलेला दिसतो. फक्त ते दार कुणासाठी उघडायचं, हे तो स्वतः ठरवत होता.

ही निवड ज्याची त्याची. नाशिकला तात्यासाहेब शिरवाडकरांकडे कुणीही जावं, बसावं, बोलावं, असा रिवाज होता, आणि तो त्यांच्या स्वभावातून आला होता. सुनीताबाईंनी १९९० साली ‘आहे मनोहर तरी’ लिहून स्वतःच्या संसाराबद्दल जे सांगितलं, ते त्या काळात अनेकांना झेपलं नाही. पण तेही त्यांनी स्वतः, स्वतःच्या शब्दांत, स्वतःला वाटलं तेव्हा सांगितलं. त्याच सुनीताबाई पुलंच्या वेळेवर पहारा ठेवायच्या म्हणून लोक त्यांना करड्या म्हणायचे. मला या दोन गोष्टींत काही विसंगती दिसत नाही.

आता १९३३ सालाकडे जाऊ. ह. वि. मोटे यांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ नावाचा कथासंग्रह काढला, लेखिका विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या किंवा होऊ न दिलेल्या मुलींच्या मनात काय चालतं, हे त्यात होतं. ज्यांच्या पगारावर घर चालतं त्यांचं लग्न घरालाच नकोसं होतं, इतकं उघड कुणी लिहिलं नव्हतं. महाराष्ट्रात वादळ उठलं. कथांइतकीच चर्चा ही बाई आहे कोण याची झाली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कर्व्यांच्या संस्थेत शिकलेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या, तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या.

त्यांनी टोपणनाव घेतलं ते नोकरी आणि अब्रू सांभाळायला, असं सांगतात. ते खरंच असणार. मी त्यात एक भर घालते. त्या ज्या जगात वावरत होत्या, ते जग फार लहान होतं. शिक्षिका, वसतिगृहं, एकमेकींना ओळखणाऱ्या बायका. लेखिकेचं नाव कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी लोकांनी तिच्या मैत्रिणींची यादी काढून कुठली कथा कुणाची हे जुळवलं असतं. त्या नावामागे एकटी बाळूताई नव्हती, ज्यांनी तिच्याजवळ मन मोकळं केलं असेल त्या सगळ्या होत्या. आपल्याकडे टोपणनावं उदंड झाली. केशवसुत, गोविंदाग्रज, बी, आरती प्रभू, ग्रेस. पण बहुतेकांची खरी नावं लवकरच सगळ्यांना माहीत झाली. विभावरी या नावाने मात्र खरोखर कुणाला तरी आसरा दिला, म्हणून मला ते सगळ्यांत मोठं वाटतं.

आणि आता आपण काय करतो ते बघा. दिवाळी अंक उघडा. कथा संपते, खाली चौकट येते. नाव, फ्लॅट नंबर, सोसायटी, पिनकोड, मोबाइल. चार ओळींची कविता आणि तिच्याखाली पाच ओळींचा पत्ता मी पाहिला आहे. ही पद्धत वाईट हेतूने आलेली नाही. पूर्वी पत्ता छापायचे कारण वाचकाचं पोस्टकार्ड लेखकापर्यंत पोचावं. पोस्टकार्ड लिहायला माणूस बसतो, काय लिहायचं याचा विचार करतो, कधी लिहून फाडतो. पोचायला तीन-चार दिवस लागतात, तेवढ्यात राग निवतो आणि कौतुकही जरा ताळ्यावर येतं. लेखक ते आपल्या सवडीने वाचतो. आपण चौकट तीच ठेवली आणि पत्त्याच्या जोडीला मोबाइल छापू लागलो. मधलं सगळं अंतर गेलं. सकाळी साडेसहाला फोन येतो, “मॅडम, तुमची कथा वाचली. ती बाई तुम्हीच ना?”

बाईच्या नंबरावर काय काय येतं, ते या सभागृहातल्या लिहित्या बायकांना मी सांगायला नको. (श्रोत्यांतून दाद.) हो, तुम्ही हसताय, पण तुमच्यातल्या काहींनी नंबर बदलले आहेत, हे मला माहीत आहे. एका तरुण कवयित्रीने मला विचारलं, “टोपणनावाने लिहू का?” मी विचारलं, कशासाठी? ती म्हणाली, “कवितेसाठी नाही हो, नंबरसाठी.”

दुसरी पद्धत परिचयाची. एका गावात माझा सत्कार होता. सूत्रसंचालक मनापासून तयारी करून आले होते. पुस्तकांची नावं दोन मिनिटांत झाली. मग माझे यजमान कुठल्या खात्यात, कुठल्या हुद्द्यावर, मुलगा कुठल्या कॉलेजात, कुठल्या वर्षाला, आम्ही कुठल्या उपनगरात, कुठल्या सोसायटीत, हे सगळं ध्वनिक्षेपकावरून. टाळ्या. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तेच. त्यांनी ते आपुलकीने केलं, मला मोठं करण्यासाठी केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझ्या मुलाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास माझी एक कथा गाजत होती. त्यात एक बाई रोज दुपारी खिडकीशी बसते आणि समोरच्या रस्त्याने आपला नवरा दुसऱ्या घरी जाताना बघते. कुणाला काही बोलत नाही, एवढीच कथा. दिवाळीच्या आसपास एक गृहस्थ पत्ता शोधत आमच्या घरी आले. मी घरी नव्हते, सासूबाई होत्या. सज्जन माणूस. चप्पल बाहेर काढून आला, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, चहा-फराळ घेतला. मग उठून हॉलच्या खिडकीपाशी गेला, बाहेर बघितलं आणि विचारलं, “ती खिडकी हीच का?”

सासूबाईंनी कथा वाचली नव्हती. त्यांनी त्या गृहस्थांनाच विचारलं, कसली खिडकी? आणि गृहस्थांनी सगळी कथा सांगितली. रंगवून सांगितली असणार, कारण त्यांना ती आवडली होती.

माझे सासरे जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. सासूबाई त्या खिडकीशी दुपारी वाती वळत बसायच्या. उजेड चांगला येतो, खालची मुलं खेळताना दिसतात, भाजीवाल्याला हाक मारता येते. मी संध्याकाळी आले, तेव्हा वातींचा डबा आतल्या खोलीत गेलेला होता. मी विचारलं, तर म्हणाल्या, “लोकांना वाटतंय ती मी. आणि तुझे सासरे तसे होते.”

मी त्यांना परोपरीने सांगितलं, ती बाई कुणीच नाही, मी ती रचली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. लोकांवर नव्हता, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? समोरच्या घरातही ती कथा वाचली गेली होती. ज्या माणसाने आयुष्यभर त्यांना सोबत दिली, त्याच्या नावाला माझ्या एका कल्पनेने डाग लागला असं त्यांना वाटलं, आणि तो लागला कशामुळे, तर एका चौकटीत छापलेल्या पत्त्यामुळे. कथेत घर नव्हतं. पत्त्याने त्या कथेला घर दिलं.

म्हणून मला जेव्हा कुणी म्हणतं की लेखकाने पारदर्शक असावं, त्याचं आयुष्य म्हणजे उघडं पुस्तक असावं, तेव्हा मी विचारते, कुणाचं आयुष्य? माझं मी उघडेन. सासूबाईंचं उघडायचा परवाना मला कुणी दिला?

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, सात मिनिटं. जो भाग शेवटी ठेवला होता, त्याला आता सातच मिनिटं उरली, तेव्हा भराभर सांगते.

नाव झालं की आजूबाजूला गर्दी होते आणि तिच्यातला प्रत्येक जण तुमच्याशी तुमच्या नावामार्फत बोलतो. खरा संबंध कसा ओळखायचा? माझी एकच खूण आहे. ज्याला तुमच्याबद्दल काहीतरी मिळवायचं असतं, तो प्रश्न विचारतो. ज्याला संबंध हवा असतो, तो आधी स्वतःचं काही देतो. एक बाई मला कित्येक वर्षं पत्र लिहीत आल्या आहेत. पहिलं पत्र प्रकाशकाच्या पत्त्यावर आलं, आंतर्देशीय, तिन्ही घड्या भरून, समासातसुद्धा लिहिलेलं. माझ्या घरी कोण आहे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आम्ही भेटलेलो नाही. त्यांनी मला स्वतःबद्दल जे लिहिलं आणि मी त्यांना जे लिहिलं, ते सख्ख्या बहिणींनाही आम्ही सांगितलेलं नसेल. तुम्हाला आता वाटत असेल की मी त्यातलं काही सांगावं. नाही सांगणार. ते माझ्याजवळ दिलेलं आहे.

यातून पुढचा प्रश्न येतो, की मी गेल्यावर त्या पत्रांचं काय? कायदा असा आहे की पत्राचा कागद ज्याला पत्र आलं त्याचा, मजकुराचा हक्क मात्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे त्याच्या वारसांचा. जी. ए. १९८७ साली गेले, आणि आज आपण त्यांची पत्रं वाचतो. वाचताना मला आनंद होतो आणि संकोचही वाटतो, दोन्ही तितकंच खरं. मराठी त्या पत्रांनी श्रीमंत झाली आहे. तरी प्रत्येक लिहिणाऱ्याने आपल्या पत्रांबद्दल चार ओळी लिहून ठेवाव्यात, असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. कुठली ठेवायची, कुठली जाळायची, कुठली किती वर्षांनी उघडायची. आपण घराची, दागिन्यांची वाटणी लिहून ठेवतो आणि दुसऱ्याच्या मनातलं असं वाऱ्यावर सोडून देतो. मी त्या बाईंना विचारलं आहे. त्यांची पत्रं त्यांना परत जाणार, हे लिहूनही ठेवलं आहे.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. तो निकाल मुळात सरकार आणि नागरिक यांच्याबद्दलचा आहे, तो घेऊन दिवाळी अंकाच्या संपादकाशी भांडायला मी जाणार नाही. भांडायची गरजही नाही. पहिल्या रांगेत तीन संपादक बसलेले मला दिसत आहेत. यंदाचे अंक अजून छपाईला गेलेले नाहीत. चौकटीत लेखकाचं नाव ठेवा, खाली अंकाच्या कार्यालयाचा पत्ता द्या, आणि आलेली पत्रं महिन्यातून एकदा पाकिटात घालून लेखकाला पाठवा. पोस्टाचा खर्च मानधनातून कापून घेतलात तरी चालेल. ज्याला आपला नंबर छापून हवा आहे, तो तसं कळवेल, त्याचा अवश्य छापा. फक्त न विचारता छापू नका.

आणि श्रोतेहो, तुम्हाला माझ्याशी बोलायचं असेल, भांडायचं असेल, तर लिहा. माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या चौथ्या पानावर प्रकाशकाचा पत्ता आहे. तिथे आलेलं पत्र मला मिळतं. उत्तराला उशीर होतो, पण मी ते हाताने लिहिते.