बुद्धिबळाचं रेटिंग अडकलंय? रात्रीचा तो पाचवा डाव लावू नका

नमस्कार.

रात्रीचे पावणेबारा. हत्तीविरुद्ध हत्ती, समोरच्याकडे एक प्यादं जास्त, आणि मी नुकताच तो डाव हरलोय. सकाळी ऑफिस आहे. तरी बोट जातं 'नवा डाव'वर. तोही हरतो. मग आणखी एक. दीड वाजता फोन ठेवला तेव्हा पाच डाव आणि रेटिंगचे ४१ गुण गेलेले होते.

असं माझं १४ महिने चाललं. रेटिंग १४५० ते १५२० मध्येच घुटमळत होतं. रोज पझल सोडवायचो, ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचे, दोन कोर्स विकत घेतले, तरी काटा हलेना. बुद्धिबळातली हार फार जिव्हारी लागते. इथे फासे नाहीत, पत्त्यांसारखा खराब हात आला असंही म्हणता येत नाही. सगळ्या चाली आपल्याच, त्यामुळे हरलं की वाटतं, आपली अक्कलच एवढी.

तुम्हालाही असं वाटत असेल, तर आधी हे रेटिंग नेमकं काय मोजतं ते बघू.

[स्क्रीनवर: ५० : ५०, मग ५३ : ४७]

ही पद्धत आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाची. जागतिक संघटनेनं, म्हणजे फिडेनं, ती १९७० मध्ये स्वीकारली. ऑनलाइन साइट्सही याच धर्तीवर चालतात. ती तुमची तुलना इतरांशी करते. तुम्ही आणि समोरचा सारखे असाल, तर १०० डावांत तुमच्याकडून ५० गुणांची अपेक्षा (जिंकलं की एक, बरोबरीला अर्धा). आता समजा, महिनाभर मेहनत करून तुमचा खेळ खरोखर रेटिंगच्या २० गुणांनी सुधारला. मग त्याच माणसाविरुद्ध १०० डावांत साधारण ५३ गुण. म्हणजे शंभर डावांत तीन गुणांचा फरक! आठवड्याला पंधरा डाव खेळणाऱ्याला तो दिसणार कसा? झोप कमी झाली, एखादा दिवस वाईट गेला, तरी रेटिंग याहून जास्त हलतं. शिवाय तुम्ही वर सरकलात की साइट समोरचाही तगडा देते. जवळपास निम्मे डाव हरणं तुमच्या मागे राहणारच, वर गेलात तरी.

हे कळल्यावर मी रेटिंगकडे बघणं सोडलं आणि हरलेले शेवटचे ३० डाव उघडले. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, बंद. साधी दोनशे पानी वही घेतली आणि प्रत्येक डावासाठी एकच ओळ लिहिली: डाव कुठे फिरला, आणि तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं. इंजिन चूक लगेच दाखवतं, पण ती चूक करताना आपण काय विचार करत होतो हे त्याला माहीत नसतं. ते आपल्यालाच आठवावं लागतं, आणि एक-दोन दिवसांत ते विसरतंही.

३० पैकी ओपनिंगमध्ये हरलेले डाव होते तीन. माझे पैसे आणि वेळ गेले होते ओपनिंगवर! नऊ डाव मी घाईत, समोरच्यानं अनपेक्षित चाल केल्यावर लगेच हात चालवून घालवले होते. आणि सात हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे शेवटी हत्ती आणि मोजकीच मोहरी उरल्यावर.

म्हणून एकच गोष्ट धरली, फिलिडोरचा बचाव, म्हणजे हत्तीच्या एंडगेममध्ये एक प्यादं कमी असताना बरोबरी साधायची पद्धत. पट असेल तर मांडा. समोरच्याकडे राजा, हत्ती, प्यादं. तुमच्याकडे राजा आणि हत्ती. तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत, आपल्या बाजूच्या पहिल्या ओळीत. हत्ती आपल्या बाजूनं मोजून तिसऱ्या ओळीत ठेवायचा, म्हणजे त्याच्या राजाला त्या ओळीत पाय टाकता येत नाही. त्यानं प्यादं त्या ओळीत ढकललं की लगेच हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. त्याच्या राजाला लपायला जी जागा होती, तिथे आता त्याचंच प्यादं बसलंय. ही चाल मी लाकडी पटावर, हातानं मोहरी हलवत, रोज दहा मिनिटं घोटली.

मुंबईचे प्रवीण ठिपसे ऐंशीच्या दशकातच राष्ट्रीय विजेते होते. ग्रँडमास्टर हा खेळातला सर्वोच्च किताब मिळाला १९९७ मध्ये, पस्तिशी उलटल्यावर. भारताचे तिसरे ग्रँडमास्टर. मधल्या एवढ्या वर्षांत पटावर बसत राहायचं, याला काय ताकद लागत असेल! माझ्या १४ महिन्यांचं मला फार वाटू लागलं की मी ही तारीख आठवतो.

आता माझा नियम असा: लागोपाठ दोन डाव हरलो की फोन बंद, वही उघडायची. पहिले काही दिवस हात अक्षरशः शिवशिवतो.

मागच्या महिन्यात तीच स्थिती आली. हत्तीविरुद्ध हत्ती, माझं प्यादं कमी, घड्याळात दोन मिनिटं. माझा हत्ती तिसऱ्या ओळीत थांबला. समोरच्यानं बराच वेळ राजा इकडेतिकडे फिरवला आणि मग प्यादं ढकललं. हत्ती पार दुसऱ्या टोकाला नेला. शह. शह. अकरा शह मोजले मी. बरोबरी.

समोरचा माझ्याच रेटिंगचा होता, त्यामुळे रेटिंग एका गुणानंही हललं नाही. फोन बाजूला ठेवला, बायकोला झोपेतून उठवून पट दाखवला, आणि मग शांत झोपलो.