लाम्पा: अँडीजमधलं गुलाबी गाव

हुलियाका या पेरूतल्या शहराच्या बाजारातनं बाहेर पडलो की रिक्षा, धूळ, हॉर्न सगळं मागं राहतं आणि व्हॅन सरळ माळावरून निघते, दोन्ही बाजूला पिवळं गवत, मधेच मेंढरं, अल्पाका, आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. तासाभराच्या आत लाम्पा येतं. देश पेरू, प्रांत पुनो, उंची जवळपास 3900 मीटर, म्हणजे आपली कळसूबाई एकावर एक दोनदा ठेवली तरी खालीच राहील. चौकापर्यंत चालतानाच धाप लागते, त्यामुळे कोकाच्या पानांचा चहा घ्या आणि सावकाश चला, इथं कुणालाच घाई नाहीये.

गुलाबी शहर म्हणतात याला. खरं तर गेरू, विटकरी, फिकट गुलाबी असं सगळं मिसळलेलं आहे, आणि कुठंकुठं रंग पार उडालेला. स्पॅनिश काळात लाम्पाचा भलताच थाट होता, पण पुढे रेल्वे आली ती हुलियाकावरून गेली, धंदा तिकडं वाढला आणि हे गाव निवांत राहिलं.

आता चर्चमध्ये चला, सान्तियागो अपोस्तोल, सतराव्या शतकातलं. आत एक समाधी आहे आणि ती बघून माणूस गप्पच होतो. वर मायकेलँजेलोच्या पिएताची, म्हणजे मृत येशूला मांडीवर घेतलेल्या मेरीच्या मूर्तीची, हुबेहूब प्रत, पण अ‍ॅल्युमिनियमची! आणि खाली गोल भिंतीवर कवट्या न् सांगाडे, एक दोन नाही, रांगाच्या रांगा. एन्रिके तोरेस बेलोन म्हणून इथलेच एक इंजिनियर आणि राजकारणी होते, त्यांनी स्वतःसाठी आणि बायकोसाठी हे करवून घेतलं. हौस म्हणायची का काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

याच पिएताची प्लास्टरची प्रत नगरपालिकेत ठेवलीये. 1972 मध्ये रोममध्ये एकानं मूळ मूर्तीवर हातोडा चालवला ना, तेव्हा दुरुस्तीसाठी लाम्पाची प्रत कामी आली असं गावात छातीठोकपणे सांगतात. मला काय ते पटत नाही, व्हॅटिकनकडे स्वतःची प्रत होतीच की. पण सांगणाऱ्याला मधे तोडू नका, कारण मग तो चित्रकार विक्तोर उमारेदावर येतो, जन्म 1920, इथलाच, आणि ते ऐकण्यासारखं असतं. तसाही वेळ असतोच, हुलियाकाची व्हॅन गच्च भरल्याशिवाय सुटत नाही.