सिरॅमिक कोटिंग घरी करायचं की डिटेलरकडे द्यायचं? बाटली घेण्याआधी हे बघा

नमस्कार मंडळी, आज सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे गाडीच्या रंगावर लावायच्या पारदर्शक संरक्षक थराबद्दल बोलूया. ही बघा बाटली, 30 मिलीची आहे, मध्यम आकाराच्या गाडीला एक थर द्यायला एवढी पुरते, बऱ्याचदा थोडं उरतंही. आणि ही बाटली हातात घेतली की प्रत्येकाच्या मनात एकच येतं, की अरे एवढंसं तर द्रव आहे, फडक्याने लावायचं आणि पुसायचं, मग डिटेलरला, म्हणजे गाडी बारकाईने साफ-पॉलिश करून देणाऱ्याला, इतके पैसे कशाचे द्यायचे? प्रश्न अगदी बरोबर आहे. कोटिंग लावणं हे या कामातलं खरंच सगळ्यात छोटं काम आहे, आणि म्हणूनच घरी करायचं की बाहेर द्यायचं हे कोटिंगवरून ठरवू नका. तुमच्या गाडीच्या रंगाची आज अवस्था काय आहे आणि तुमच्याकडे जागा कशी आहे, या दोन गोष्टींवरून ठरवा. कसं ते सांगतो.

आधी हे लावतो ते नक्की असतं काय ते समजून घेऊ, कारण इथेच निम्मे गैरसमज आहेत. बाटलीत सिलॉक्झेन, पॉलिसिलाझेन अशी सिलिकॉनवाली रसायनं असतात, सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेली. पॅनलवर लावलं की सॉल्व्हंट उडून जातो आणि मागे जे राहतं ते हवेतल्या बाष्पाशी रिअॅक्शन होऊन हळूहळू कडक होतं आणि क्लिअर कोटला, म्हणजे रंगाच्या सगळ्यात वरच्या थराला, घट्ट धरून बसतं. मेण जसं ऊन-पाण्याने काही आठवड्यांत उतरतं तसं हे उतरत नाही, शाम्पूने जात नाही, ते काढायचं तर पॉलिशच मारावं लागतं. आता जाडी बघा. कंपनीतून आलेल्या गाडीचा सगळा रंग मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनच्या आसपास, आणि आपण ज्याच्यासाठी एवढा विचार करतोय ते कोटिंग साधारण एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहून कमी. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन असतो, त्यावरून अंदाज घ्या.

म्हणजे एक-दोन मायक्रॉनचा थर उडालेला दगड अडवणार नाही, किल्लीचा ओरखडा अडवणार नाही, पार्किंगमध्ये घासलेला दरवाजा वाचवणार नाही. दगडापासून वाचवायचं असेल तर पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती 150-200 मायक्रॉनची असते, तो विषयच वेगळा. आणि बाटलीवर ठळक छापलेलं असतं ना 9एच, ते पेन्सिलीचं माप आहे. वेगवेगळ्या कडकपणाच्या पेन्सिली ठरलेल्या दाबाने पृष्ठभागावर ढकलतात आणि कोणत्या पेन्सिलीने चरा पडतो ते बघतात, 9एच ही त्यातली सगळ्यात कडक पेन्सिल. खनिजांसाठी जी मोहस् स्केल असते, ज्यात हिरा दहावर असतो, तिचा याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे 9एच वाचून गाडी हिऱ्यासारखी कडक झाली असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे, साफ चूक.

मग मिळतं काय? पाणी थेंब थेंब होऊन घसरतं, चिखल चिकटून बसत नाही, गाडी धुवायला निम्मे कष्ट लागतात, चमक खोल दिसते, आणि पक्ष्याची विष्ठा किंवा किडे पडले तर ते साफ करायला थोडा जास्त वेळ मिळतो. मला विचाराल तर धुणं सोपं होणं हा एकच फायदा इतका मोठा आहे की त्यासाठी कोटिंग करावं.

आता मुख्य मुद्दा. कोटिंग पारदर्शक असतं, त्यामुळे खाली जे आहे ते तसंच दिसणार आणि वर्षानुवर्षं तसंच राहणार. फोटोवर धूळ असतानाच वरून काच बसवून फ्रेम बंद केली तर जे होईल तेच इथे होतं. म्हणून रात्री किंवा अंधाऱ्या जागेत गाडी धुऊन पुसून घ्या आणि मोबाईलचा टॉर्च बोनेटवर थोडा लांबून धरा. प्रकाशाच्या गोलाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक बारीक रेषा दिसल्या तर ते स्वर्ल मार्क्स, कोरड्या फडक्याने पुसल्याने किंवा ब्रशच्या ऑटोमॅटिक वॉशमुळे पडलेले. काळ्या, गडद निळ्या, गडद लाल गाडीवर हे फार दिसतात, पांढऱ्या-सिल्व्हरवर असून नसल्यासारखे. आणि नवी कोरी गाडी आहे म्हणून सोडून देऊ नका, ताब्यात मिळायच्या आधी ती कोणीतरी घाईघाईत पुसलेली असते, टॉर्च मारून बघाच.

डिटेलर पैसे घेतो ते या रेषा काढण्याचे. त्याला पेंट करेक्शन म्हणतात आणि तो मशीन पॉलिशिंगचा भाग आहे, आधी कंपाउंड म्हणजे जास्त घासणारी पेस्ट, मग बारीक पॉलिश, पॅनलमागून पॅनल, तासन् तास. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पॉलिशने ओरखडा भरत नाही, ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याला ओरखड्याच्या पातळीला आणतात. म्हणजे प्रत्येक वेळी क्लिअर कोट थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही. आणि उन्हापासून रंगाला वाचवणारे घटक त्याच क्लिअर कोटमध्ये असतात. चांगल्या डिटेलरकडे पेंट थिकनेस गेज असतं, तो आधी मोजतो की कुठे किती रंग शिल्लक आहे, कुठलं पॅनल परत रंगवलेलं आहे, आणि मग ठरवतो किती घासायचं. तुमच्याकडे ते गेज नाही, हाताचा अंदाज नाही, आणि गाडीच्या कडा, बोनेटची घडी, दरवाजाची धार, इथे रंग मुळात पातळ असतो, तिथे मशीन जरा जास्त वेळ थांबलं की क्लिअर कोट पार जातो आणि मग उपाय एकच, पॅनल परत रंगवणं. रोटरी मशीन, म्हणजे ज्याचं पॅड नुसतं जागच्या जागी गरगर फिरतं ते, तर नवशिक्याने हातातच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. ड्युअल अॅक्शन मशीन, ज्याचं पॅड फिरता फिरता हलतंही आणि ज्याला सगळे डीए म्हणतात, ते खूप सुरक्षित, मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन, कडांना मास्किंग टेप लावून हलका हात मारायला शिकता येतं, पण तेही आधी भंगारातल्या एखाद्या पॅनलवर.

चला, समजा रंग ठीक आहे आणि घरीच करायचं ठरलं. आधी धुणं, साधं धुणं नाही, जुनं मेण निघेल असा शाम्पू. मग आयर्न रिमूव्हर मारायचा, ब्रेकची धूळ म्हणजे लोखंडाचे बारीक कण रंगात रुतलेले असतात, त्याच्याशी रिअॅक्शन झाली की जांभळे ओघळ यायला लागतात, चाकांच्या मागच्या भागात सगळ्यात जास्त. सुकू द्यायचं नाही, धुऊन टाकायचं. मग ओल्या पॅनलवर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोटं फिरवा, उघड्या हाताला जे गुळगुळीत लागतं ते पिशवीतून वाळूसारखं खरखरीत लागतं, ती घाण क्ले बारने, म्हणजे मळलेल्या मातीसारख्या मऊ वडीने, निघते. क्ले भरपूर ल्युब्रिकंट मारूनच फिरवायचा, आणि खाली जमिनीवर पडला तर उचलून परत वापरायचा नाही, टाकून द्यायचा, त्यात अडकलेला एक खडा पुरे आहे अख्खं पॅनल खराब करायला. क्लेने स्वतःच थोड्या बारीक रेषा पडतात, म्हणून त्यानंतर हलकं पॉलिश लागतंच. आणि शेवटी पॅनल वाइप, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलवालं स्प्रे, याने पॉलिशचं तेल निघतं. ही पायरी गाळणारे खूप जण आहेत, पण तेल राहिलं तर दोन प्रकारे फसवतं, एक तर ते ओरखड्यांमध्ये बसून ते गेल्यासारखे दाखवतं, आणि दुसरं म्हणजे कोटिंगला रंगाला धरू देत नाही, मग दोन-तीन महिन्यांत पाण्याचे थेंब बनणं बंद होतं आणि लोक म्हणतात प्रॉडक्ट बोगस आहे.

आता लावणं. जवळून दाखवतो. हा फोमचा ठोकळा, त्याभोवती हे स्वेडचं छोटं कापड गुंडाळलंय, त्यावर रेघेत थेंब टाकायचे, पहिल्यांदा जरा जास्त, नंतर पाच-सहा थेंब बास. साधारण दोन फूट बाय दोन फूट एवढाच भाग घ्यायचा, आधी आडवं मग उभं, म्हणजे कुठे सुटायला नको. आता थांबा आणि बघत राहा. पृष्ठभागावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसायला लागतात, इंद्रधनुष्यासारखे, मग बारीक थेंबांसारखा पोत येतो. याला फ्लॅश होणं म्हणतात आणि सगळं कसब या क्षणात आहे. लवकर पुसलं तर कोटिंग फडक्यावरच निघून येतं, उशीर केला तर चिकटून बसतं आणि निघता निघत नाही. किती वेळ? काहींना अर्धं मिनिट, काहींना चार-पाच मिनिटं, प्रॉडक्टवर आहे आणि हवेवर आहे, गरम आणि दमट हवेत भरभर होतं. म्हणून घड्याळ बघू नका, पॅनल बघा. मग छोट्या लव असलेल्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने सपाट करायचं आणि लगेच दुसऱ्या स्वच्छ मायक्रोफायबरने शेवटचा हात.

पुसून झालं की टॉर्च वेगवेगळ्या कोनातून मारा. कुठे काळपट, डाग पडल्यासारखा पट्टा दिसला तर तो हाय स्पॉट, तिथे जास्तीचं कोटिंग राहिलंय. ताजं असेल तर त्याच जागी कोटिंगचा थोडा हात परत मारायचा, खालचं मऊ होतं, मग पुसून सपाट करायचं. दुसऱ्या दिवशी दिसला तर मात्र मशीन पॉलिश करून तेवढ्या जागी परत कोटिंग. म्हणून एका वेळी एकच पॅनल, पूर्ण तपासून मगच पुढे. आणि पुसलेली फडकी जपून ठेवू नका, त्यातलं कोटिंग सुकून काचेसारखं कडक होतं, तेच फडकं परत रंगावर फिरवलं तर ओरखडे नक्की. हातात नायट्राइल ग्लव्ह्ज घाला, वास तीव्र असतो, तर हवा खेळती ठेवा आणि सॉल्व्हंटच्या वाफेचा मास्क लावा, धुळीचा साधा मास्क इथे उपयोगाचा नाही.

जागेचं बोलतो, कारण बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं. उन्हात हे काम होत नाही, होतच नाही, पॅनल हाताला गार लागायला पाहिजे. वर छत पाहिजे, वारा-धूळ नको, आणि उजेड भरपूर पाहिजे. बरीच प्रॉडक्ट्स 10 ते 25 अंशांच्या दरम्यान नीट वागतात. आणि लावून झाल्यावर पहिले 12 ते 24 तास गाडीला पाण्याचा थेंब लागता कामा नये, दव सुद्धा नको, म्हणजे रात्रभर गाडी आत उभी राहिली पाहिजे. तुमची गाडी उघड्यावर रस्त्याच्या कडेला लागत असेल तर घरी करायचा विचार सोडा, मनापासून सांगतोय, तुमची मेहनत वाया जाईल. डिटेलरकडे बंद जागा असते, काहींकडे इन्फ्रारेड दिवे असतात, ज्याने थर लवकर पक्का होतो.

तर माझं मत असं आहे. गाडी नवी किंवा फिक्या रंगाची, टॉर्चखाली रेषा थोड्याच, बंद किंवा छताची जागा आहे आणि अख्खे दोन दिवस मोकळे काढता येतात, तर घरी करा, एक-दोन वर्षांचं साधं कोटिंग घ्या, जे जास्त टिकाऊ असतं ते लावायलाही हट्टी असतं आणि चुकलं तर काढायलाही. गडद गाडी, ओरखडे खूप, कुठलंतरी पॅनल पूर्वी रंगवलेलं, तर डिटेलरकडेच द्या. बाहेर नुकतंच रंगवलेलं पॅनल असेल तर रंगवणाऱ्याला विचारून काही आठवडे थांबा, त्यातला सॉल्व्हंट बाहेर पडू द्या. आणि यातलं काहीच जमत नसेल तर स्प्रेवालं सिरॅमिक सीलंट येतं, ओल्या गाडीवर मारून पुसायचं, काही महिने टिकतं, चुकायला फारसा वाव नाही, त्यात कमीपणा अजिबात नाही.

डिटेलरकडे गेलात तर कोणता ब्रँड आणि किती वर्षं, हे दोन प्रश्न विचारून थांबू नका. करेक्शन एक स्टेज करणार की दोन, म्हणजे एकदाच पॉलिश की आधी कंपाउंड मग पॉलिश, ते विचारा, गेजने मोजून दाखवा म्हणा, पॉलिश झाल्यावर कोटिंगच्या आधी गाडी बघायला येऊ का विचारा. जो हो म्हणतो तो काम करतो. सकाळी द्या संध्याकाळी न्या असं करेक्शनसकट कोणी सांगत असेल तर करेक्शन होत नाहीये एवढं समजा. आणि वॉरंटीचा कागद तिथेच उभं राहून वाचा, बऱ्याचदा दर वर्षी त्यांच्याकडेच तपासणी करून घेण्याची अट असते आणि पाण्याचे डाग, ओरखडे, विष्ठेचे डाग वॉरंटीत नसतात.

पाण्याच्या डागांचं वेगळं सांगतो कारण कोटिंगवाल्या गाडीला हाच त्रास जास्त. थेंब गोल उभा राहतो, उन्हात पाणी उडून जातं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तिथेच पांढऱ्या रिंगणासारखं बसतं. त्यामुळे कोटिंग झालं म्हणजे धुऊन तशीच सोडून द्यायची असं नाही, उलट लगेच कोरडी करायची. पहिले सात दिवस शाम्पू नाही, काही पडलं तर ओल्या मऊ फडक्याने तेवढंच टिपून घ्या. त्यानंतर पीएच न्यूट्रल शाम्पू, दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक हातमोजा विसळायची, वरून खाली यायचं, चाकांचं फडकं वेगळं, आणि ब्रशच्या ऑटोमॅटिक वॉशमध्ये गाडी घालायचीच नाही. काही महिन्यांनी पाणी पसरायला लागलं तर कोटिंग गेलं म्हणून घाबरू नका, बऱ्याचदा वर नुसती घाण बसलेली असते, आयर्न रिमूव्हर मारून नीट धुवा, आणि थेंब परत बनायला लागले तर कोटिंग अजून जागेवर आहे.