समासातली पेन्सिल

पडद्यावर दिसणारी ही प्रत कालिदासाच्या ‘शाकुंतला’ची आहे. तिच्या समासात पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न आहेत खानापूरहून रोज बसने बेळगावला येणाऱ्या एका विद्यार्थिनीचे. चौथ्या अंकाशी तिने लिहिले आहे, ‘अनसूया गप्प का?’ राजा दुष्यंत शकुंतलेला विसरेल, हा दुर्वासांचा शाप तिच्या सख्या अनसूया आणि प्रियंवदा या दोघींनीच ऐकलेला असतो. शकुंतलेचे मन कोवळे म्हणून त्या तो तिच्यापासून लपवतात, राजाने ओळखायला वेळ लावला तर अंगठी दाखव, एवढेच निरोप देताना सांगतात आणि या अंकानंतर पुन्हा रंगमंचावर येतच नाहीत.

शाळेत असल्यापासून ही विद्यार्थिनी मोबाइलवर फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या कथेतील पात्रे घेऊन वाचकांनीच रचलेल्या कथा, वाचते आणि लिहितेही. तिथे मूळ कथेला ‘कॅनन’ म्हणतात. कॅनन जिथे मौन पाळते, तिथून या लेखकांचे काम सुरू होते; ही सवय एकदा जडली की अभ्यासाच्या पुस्तकातही नजर आधी दुय्यम पात्रांकडे आणि दोन प्रवेशांमधल्या रिकाम्या जागेकडे वळते.

अशा वाचनाला उथळ म्हणण्यापूर्वी खुद्द कालिदासाने काय केले ते पाहावे. महाभारताच्या आदिपर्वात ना शाप आहे, ना अंगठी. सारे आठवत असूनही दुष्यंत भर सभेत शकुंतलेला नाकारतो, ती त्याला सडेतोड उत्तरे देते आणि अखेर आकाशवाणीला तिची बाजू घ्यावी लागते. राजाला दोषमुक्त करण्यासाठीच कवीने शाप आणला, असे या मुलीचे मत आहे. आवडत्या नायकाची अशी सोडवणूक आपणही केली आहे, हे ती हसत कबूल करते.

आता पडद्यावर दिसणारा हा रस्ता गुर्लहोसूरचा. बेळगाव जिल्ह्यातील याच गावी १८४३ मध्ये जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे हेच नाटक मराठी पदांनी नटवून ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ म्हणून रंगभूमीवर आणले.

पात्रांशी भांडण्याच्या नादात श्लोकांच्या वृत्ताकडे या विद्यार्थिनीचे दुर्लक्ष होते, हे खरे. उत्तरपत्रिकेत अनसूयेवर दोन पाने लिहिल्याने तिचे गुणही गेले.

परतीच्या बसमध्ये ती वहीत लिहीत आहे. शकुंतलेला राजधानीत सोडून आश्रमातील ज्येष्ठ तापसी गौतमी कण्वाश्रमात परतली आहे, आणि अनसूया पहिलाच प्रश्न विचारते, ‘तिने अंगठी दाखवली ना?’